अर्ध्या कायद्याची धाड

‘कायदा म्हणजे कायदा. कागदपत्रांशिवाय दुसऱ्याच्या देशात राहून काम केलं, तर पोलीस येणारच.’ अमेरिकेतल्या कारखान्यांवर, शेतांवर आणि बांधकामांवर इमिग्रेशन खात्याच्या धाडी सुरू झाल्या की मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. एडिसन आणि फ्रीमाँटमध्ये ऐकू येतं, आणि ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा कोथरूड-ठाण्यातल्या घरांतही. त्याच्यामागोमाग दुसरं वाक्य येतं: ‘आमची मुलं रांगेत उभी राहिली, रीतसर व्हिसा घेऊन गेली.’ आणि मग तिसरं: ‘हे लोक स्वस्तात राबतात, म्हणून तिथल्या माणसाचा पगार पडतो.’

असं म्हणणारी माणसं दुष्ट नाहीत. नियम पाळून, परीक्षा देऊन, फी भरून, वर्षानुवर्षं वाट बघून ती पुढे आली आहेत आणि नियम मोडणाऱ्याला सूट मिळाली की त्यांना ती आपली फसवणूक वाटते. त्यांच्या या भावनेला मी हसत नाही. पण त्यांच्या निष्कर्षाला माझा पूर्ण विरोध आहे. कामाच्या ठिकाणी पडणारी धाड कायदा राबवते, हेच मुळात खरं नाही. कायद्याने मजुराबरोबर मालकालाही जबाबदार धरलेलं आहे. धाड त्यातला मजुराचा अर्धा भाग उचलते आणि मालकाचा अर्धा भाग तिथेच ठेवून निघून जाते. ज्याला कायद्याची एवढी चाड आहे, त्याने सर्वात आधी या धाडींवर रागवायला हवं.

१९८६ पर्यंत अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्या माणसाला कामावर ठेवणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हाच नव्हता. १९५२ च्या कायद्यात टेक्सासच्या शेतमालकांच्या सोयीसाठी एक तरतूद घातलेली होती. बेकायदा आलेल्याला आसरा देणं गुन्हा, पण त्याला नोकरी देणं म्हणजे आसरा देणं नव्हे, अशी ती तरतूद. चौतीस वर्षं ती तशीच राहिली. १९८६ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी नव्या कायद्यावर सही केली तेव्हा एक सौदा झाला. आधीपासून देशात राहणाऱ्यांपैकी सुमारे २७ लाख लोकांना त्या कायद्याखाली कायदेशीर दर्जा मिळाला आणि बदल्यात, यापुढे कागदपत्रं नसलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवणारा मालक शिक्षेला पात्र ठरला. प्रत्येक नव्या कामगाराचा ‘आय-नाइन’ हा अर्ज भरून घेण्याची जबाबदारी मालकावर आली. माणसं येतात ती कामासाठी, तेव्हा काम देणाऱ्यालाच जाब विचारावा, हा त्या कायद्याचा गाभा.

तो गाभा पहिल्या दिवसापासून पोकळ होता. मालकाने जाणूनबुजून ठेवलं हे सरकारने सिद्ध करायचं, आणि मालकाने फक्त वरवर खरे दिसणारे कागद पाहून घ्यायचे. मधे एखादा ठेकेदार घातला की कागद पाहण्याचीही गरज उरत नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. सिराक्यूज विद्यापीठातल्या ‘ट्रॅक’ या संशोधन गटाने सरकारी नोंदी तपासल्या. एप्रिल २०१८ ते मार्च २०१९ या बारा महिन्यांत, बेकायदा कामगार जाणूनबुजून ठेवल्याबद्दल संपूर्ण अमेरिकेत ११ व्यक्तींवर खटले भरले गेले. एकाही कंपनीवर नाही. त्या वेळी सत्तेवर असलेलं सरकार इमिग्रेशन कायद्याच्या कठोर अंमलबजावणीचा उच्चार रोज करत होतं, हे लक्षात ठेवा.

पोस्टव्हिल या गावाची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात सगळं आहे. आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं, जेमतेम २,२०० वस्तीचं हे गाव. तिथे ॲग्रिप्रोसेसर्स नावाचा कत्तलखाना होता. ब्रुकलिनच्या एका कुटुंबाने १९८७ मध्ये सुरू केलेला आणि पुढे ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे मांस तयार करणारा देशातला सर्वात मोठा ठरलेला. काम करणारे बहुतेक ग्वाटेमालाच्या खेड्यांतून आलेले, काही मेक्सिकोचे. १२ मे २००८ च्या सकाळी हेलिकॉप्टर आलं, शेकडो अधिकारी आले आणि ३८९ माणसं पकडली गेली. गावातल्या दर सहा माणसांमागे एक. दुसऱ्या दिवशी शाळेत जवळपास निम्मी मुलं नव्हती.

पकडलेल्यांना वॉटर्लू शहरातल्या एका मैदानावर नेलं. ते मैदान गुरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेलं होतं. तिथेच तात्पुरती न्यायालयं उभी राहिली. दहा-दहाच्या जथ्यांनी, हातापायांत आणि कमरेला साखळ्या घालून माणसं न्यायाधीशासमोर आणली जात होती. एका वकिलाकडे एकाच वेळी कित्येक आरोपी. सरकारने समोर ठेवलेला पर्याय असा: खोट्या कागदांचा साधा गुन्हा कबूल करा, पाच महिने तुरुंगात काढा आणि देशाबाहेर जा. नाहीतर दुसऱ्याची ओळख चोरल्याच्या गंभीर गुन्ह्याला सामोरे जा, ज्याला किमान दोन वर्षांची सक्तीची शिक्षा आहे. सुमारे २७० जणांना ती पाच महिन्यांची शिक्षा झाली. हे सगळं दोन आठवड्यांच्या आत उरकलं. दुभाषाचं काम करणारे प्राध्यापक एरिक कामायद-फ्रेक्सास यांनी पुढे हा अनुभव लिहिला आणि काँग्रेसच्या उपसमितीपुढे सांगितला. दुभाषाने आपल्या कामाबद्दल बोलायचं नसतं, तरी ते बोलले. यातल्या अनेकांना सोशल सिक्युरिटी क्रमांक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, कागद कारखान्यात कुणीतरी भरून दिलेले होते, आणि आपण कशाची कबुली देत आहोत हेही त्यांना नीट उमगलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्ष पुरं व्हायच्या आत, ४ मे २००९ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यात एकमताने निकाल दिला. ओळख चोरीचा तो गंभीर गुन्हा लावायचा तर वापरलेला क्रमांक खरोखरच दुसऱ्या कुणा माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध केलं पाहिजे. म्हणजे पोस्टव्हिलच्या माणसांना ज्या कलमाचा धाक घालून कबुल्या घेतल्या, ते कलम त्यांच्यातल्या अनेकांना लागूच झालं नसतं. तोवर त्यांनी शिक्षा भोगली होती आणि त्यांची रवानगीही झाली होती.

आणि मालक? कंपनीच्या प्रमुखावर बेकायदा कामगार ठेवल्याचे ७२ आरोप होते. बँकेला फसवल्याच्या खटल्यात २००९ मध्ये तो दोषी ठरला आणि त्यानंतर सरकारने ते ७२ आरोप मागे घेतले. अल्पवयीन मुलांना कामाला लावल्याबद्दल आयोवा राज्याने ९,००० हून जास्त आरोप दाखल केले होते. त्यांतले ६७ खटल्यापर्यंत पोचले आणि ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. बँक फसवणुकीसाठी २७ वर्षांची शिक्षा झाली, तीही आठ वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी कमी करून त्याला घरी पाठवलं. खालचे काही पर्यवेक्षक आणि कर्मचारी दोषी ठरले, हे खरं आहे. पण ज्या एका गोष्टीसाठी ९०० च्या आसपास अधिकारी त्या गावात उतरले होते, त्या गोष्टीसाठी कारखान्याच्या प्रमुखावर शेवटपर्यंत खटला उभा राहिलाच नाही. ‘कायदा म्हणजे कायदा’ म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, यात कायदा कुठे आहे?

पोस्टव्हिलमध्ये धाडीच्या आधी काय चाललं होतं तेही पाहा. कामगारांची युनियन बांधण्याचे प्रयत्न सुरू होते. बालमजुरीबद्दल राज्याच्या श्रम खात्याची चौकशी चालू होती. म्हणजे कामगार बोलू लागले होते, आणि त्याच वेळी बोलणाऱ्यांना उचलून नेलं गेलं. मिसिसिपीतही हेच. ७ ऑगस्ट २०१९ रोजी तिथल्या सात कोंबडी कारखान्यांवर एकाच दिवशी धाडी पडल्या, ६८० माणसं पकडली गेली. त्या भागातल्या शाळांचा तो पहिला दिवस होता. संध्याकाळी मुलं घरी आली तर घराला कुलूप. फॉरेस्ट गावात शेजाऱ्यांनी त्यांना एका व्यायामशाळेत गोळा करून जेवू घातलं. ज्या कंपन्यांच्या कारखान्यांवर धाड पडली त्यांतल्या कोच फूड्सने बरोबर एक वर्ष आधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, मॉर्टनच्या कारखान्यातल्या लॅटिनो कामगारांचा लैंगिक छळ आणि वांशिक भेदभाव केल्याच्या दाव्यात ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली होती. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. धाड त्या तडजोडीमुळेच पडली असा दावा मी करत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण मांस कापण्याच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या बाईला त्या दिवशी काय समजलं असेल? तक्रार करणारे पकडले जातात, एवढंच. हेतू काहीही असो, धाडीचा परिणाम तोच.

इथे पगाराच्या मुद्द्याचं उत्तर आहे. परदेशी मजुरांमुळे पगार पडतो, हा समज वरवर पटण्यासारखा आहे. मांस उद्योगाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कत्तलखान्याचा कामगार सरासरी कारखाना-कामगारापेक्षा जास्त कमावत होता. ते शतक संपेपर्यंत तो सरासरीच्या बराच खाली गेला. मधल्या काळात कंपन्यांनी शिकागो, ओमाहासारख्या शहरांतले युनियन असलेले कारखाने बंद केले, गावखेड्यांत नवे उघडले, पट्ट्याचा वेग वाढवला, संप मोडले. १९८५-८६ चा मिनेसोटातला हॉर्मेल कंपनीचा संप त्यातला सर्वात गाजलेला. पगार आधी पाडला गेला आणि त्या पगारात स्थानिक माणूस टिकेना, तेव्हा दूरवरची माणसं शोधून आणली गेली. मिसिसिपीच्या कोंबडी उद्योगाने १९९० च्या दशकात टेक्सास आणि फ्लोरिडातून लॅटिनो मजूर मुद्दाम भरती करून बसने आणले होते. तिथले कृष्णवर्णीय कामगार तेव्हा युनियनसाठी उभे राहत होते.

पगार वर न्यायचा तर कामगाराला तोंड उघडता आलं पाहिजे. धाड नेमकं तेच तोंड बंद करते. कायद्यानेही त्याला मदत केली आहे. १९८४ च्या शुअर-टॅन खटल्यात मालकाने युनियनची निवडणूक झाल्यावर स्वतःच इमिग्रेशन खात्याला कळवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की कागदपत्रं नसली तरी हे कामगारच आहेत आणि मालकाचं वागणं बेकायदा आहे. मग २००२ च्या हॉफमन प्लास्टिक खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की युनियनच्या कामाबद्दल काढून टाकलेल्या अशा कामगाराला बुडालेली मजुरी मात्र मिळणार नाही. हक्क आहे, भरपाई नाही. ज्याला नागरिक-कामगाराच्या पगाराची काळजी आहे, त्याने हे बघावं: शेजारच्या जागेवर तक्रार करूच न शकणारा माणूस उभा असेल, तर मालक कुणाच्या हिशेबाने दर ठरवील?

हे सगळं ग्वाटेमालाच्या माणसांचं आहे, आपला काय संबंध, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पॅस्कागूलाचं उदाहरण. कॅटरिना वादळानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावरच्या सिग्नल इंटरनॅशनल या जहाज-दुरुस्ती कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले. रीतसर. एच-टू-बी व्हिसावर. भरतीच्या साखळीत मुंबईतला एजंट होता, आणि माणसांकडून दहा ते वीस हजार डॉलर घेऊन ग्रीन कार्ड मिळेल असं त्यांना सांगितलं गेलं होतं. घरं विकून, कर्ज काढून ते गेले. एकेका ट्रेलरमध्ये चोवीस माणसं, आणि त्याचंही भाडं महिन्याला हजार डॉलरच्या वर, प्रत्येकाच्या पगारातून कापलेलं. मार्च २००७ मध्ये संघटित होऊ पाहणाऱ्यांना कंपनीच्या पहारेकऱ्यांनी पहाटे उचलून परत पाठवण्याचा प्रयत्न केला. एकाने मनगट कापून घेतलं. पुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या साक्षींतून उघड झालं की या माणसांना कसं काढायचं आणि कसं विमानतळावर पोचवायचं याचा सल्ला त्यांना इमिग्रेशन अधिकाऱ्यांकडूनच मिळाला होता. मार्च २००८ मध्ये अनेक भारतीय कामगार तिथून बाहेर पडले, वॉशिंग्टनपर्यंत गेले, उपोषणाला बसले. २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पाच कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. त्यांचा व्हिसा कायदेशीर होता. तोंड उघडल्यावर त्यांनाही तीच वागणूक मिळाली.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना झोपेतून उठवून, मारहाण करून गावाबाहेर हाकललं. बहुतेक पंजाबी शीख होते. कारण काय दिलं गेलं? हे लोक स्वस्तात राबतात आणि आमचा पगार पाडतात. दहा दिवसांत गावात एक हिंदुस्थानी उरला नाही. आज तेच वाक्य आपण दुसऱ्यांबद्दल उच्चारतो, तेव्हा ते कुणाच्या तोंडून प्रथम आपल्याबद्दल आलं होतं हे माहीत असायला हवं.

आता दुसऱ्याच्या क्रमांकावर काम करण्याचा आक्षेप. हा खरा आक्षेप आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. ज्या नागरिकाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरला जातो त्याला करखात्याच्या नोटिसा येतात, त्याचे सरकारी लाभ अडकतात, ते निस्तरण्यात त्याची वर्षं जातात. पण हा गुन्हा वाढला कशाने? १९८६ च्या कायद्याने कागद मागितले, तेव्हा मनाने रचलेले क्रमांक चालून जात. मग क्रमांक आणि नाव जुळतं का हे तपासणारी संगणकीय यंत्रणा आली, जिला आज ई-व्हेरिफाय म्हणतात. ती यंत्रणा समोरचा माणूस तोच आहे का, हे सांगू शकत नाही. रचलेला क्रमांक तिच्यात अडकतो, खऱ्या माणसाचा क्रमांक पार होतो. त्यामुळे खऱ्या माणसांच्या क्रमांकांना बाजारात भाव आला. १२ डिसेंबर २००६ रोजी स्विफ्ट कंपनीच्या सहा राज्यांतल्या सहा कत्तलखान्यांवर एकाच वेळी धाडी पडल्या, जवळपास १,३०० माणसं पकडली गेली. स्विफ्ट या यंत्रणेची जुनी सभासद होती. १० जून २०२५ रोजी ओमाहातल्या ग्लेन व्हॅली फूड्सवर धाड पडली, तीही ई-व्हेरिफाय वापरत होती. एकोणीस वर्षांत यंत्रणा तीच, चूक तीच, उपाय तोच आणि त्या नागरिकाचा त्रासही तोच. त्या नागरिकाला न्याय द्यायचा तर ज्याला पट्ट्यावर उभं राहायचं आहे त्याला स्वतःच्या नावाने उभं राहता येईल असा रस्ता हवा.

तो रस्ता आहेच, रांग आहेच, आम्ही तिच्यात उभे होतो, असं मग म्हटलं जातं. कुठली रांग? कौशल्य नसलेल्या कामगारांसाठी अमेरिकेचा कायदा वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं ठेवतो, सगळ्या जगासाठी, आणि त्यात त्या कामगारांची बायका-मुलंही मोजली जातात. हंगामी शेतीसाठी वेगळा व्हिसा आहे, पण कत्तलखाना, दुग्धशाळा बारमाही चालतात, त्यांना तो लागू नाही. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या शेतमजुराने कुठल्या खिडकीसमोर उभं राहायचं, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि रांगेचा अर्थ मराठी माणसाला मी सांगायला नको. एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नोकरी-आधारित ग्रीन कार्डं नाहीत, या नियमाने आपल्या किती इंजिनिअरांची उमेदीची वर्षं खाल्ली, किती जणांना वडिलांच्या अंत्यविधीला येता आलं नाही, हे घराघरांत माहीत आहे. आपली रांग अन्यायाची आहे हे आपल्याला कळतं. ज्याला रांगच नाही त्याच्यावरचा अन्याय कळायला मग अडचण का यावी? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ भारतीय होते, प्रवासभर बेड्या घातलेले. त्यांतले तिघे महाराष्ट्राचे.

‘आमचे कागद पक्के आहेत’ ही खात्रीही तपासून पाहायला हवी. ४ सप्टेंबर २०२५ रोजी जॉर्जियातल्या एलाबेल इथे ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर धाड पडली. ४७५ माणसं पकडली गेली, त्यांतली तीनशेहून जास्त दक्षिण कोरियाची. त्यांच्यात यंत्रसामग्री बसवायला आलेले इंजिनिअर आणि तंत्रज्ञ होते. त्यांच्याकडे व्यवसाय-भेटीचे व्हिसा होते, काही व्हिसामाफीच्या सवलतीत आलेले होते. या कागदांवर कुठलं काम चालतं आणि कुठलं नाही हा वकिलांनी वाद घालावा असा प्रश्न, पण त्यांच्या पायांत साखळ्या घातल्याची चित्रं साऱ्या कोरियाने पाहिली. आठवड्याभराने खास विमानाने ते मायदेशी परतले.

याच्या शेजारी आपल्या ओळखीचं एक प्रकरण ठेवा. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसने ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली. आरोप होता तोच, व्यवसाय-भेटीच्या बी-वन व्हिसावर माणसं आणून त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतल्याचा. आय-नाइन अर्जांतल्या चुकाही त्यात होत्या. व्हिसाचा पद्धतशीर गैरवापर झाल्याचं कंपनीने नाकारलं, अर्जांतल्या चुका मान्य केल्या. कार्यालयांना कुणी वेढा घातला नाही, एकाही मराठी इंजिनिअरला साखळी लागली नाही. वकील बसले, हिशेब झाला, कंपनीने पैसे भरले. मला हेच योग्य वाटतं. जबाबदारी कंपनीची होती आणि किंमत कंपनीने मोजली. मग हा न्याय कोंबडी कापणाऱ्या बाईला का नाही? संगणकावर काम करणाऱ्याची चूक कागदाची आणि सुरी धरणाऱ्याची चूक गुन्हेगारीची, असं कुठल्या कायद्यात लिहिलं आहे?

कायदा इतका अढळ असता तर तो मालकाच्या एका हाकेसरशी थांबलाही नसता. १९९८ च्या मे महिन्यात जॉर्जियात व्हिडेलिया कांद्याच्या काढणीच्या वेळी शेतांवर धाडी पडल्या. मजूर पळाले, कांदा जमिनीत राहिला, राज्याचे सिनेटर आणि काँग्रेस सदस्य खात्यावर तुटून पडले आणि हंगामापुरती धाड थांबली. २०२५ च्या जूनमध्ये शेतमालक आणि हॉटेलमालकांनी ओरड केली तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे म्हटलं की त्यांची चांगली, जुनी माणसं जात आहेत. शेतं आणि हॉटेलं यांवरच्या धाडी थांबवण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांत तो फिरवलाही गेला. आणि एप्रिल २०२० मध्ये, मिसिसिपीच्या धाडीला नऊ महिनेही झाले नसताना, करोनाच्या ऐन साथीत मांस कारखाने चालूच राहावेत यासाठी राष्ट्राध्यक्षांनी खास अधिकार वापरला. त्या पट्ट्यांवर खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं तेव्हा राष्ट्रासाठी अत्यावश्यक होती.

धाडीने गावाचं काय होतं याचा विचार भावनिक म्हणून बाजूला सारला जातो. पोस्टव्हिलमध्ये मुलं असलेल्या चाळीसहून जास्त बायकांना घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून घरी सोडलं. काम करायचं नाही आणि गाव सोडायचं नाही, या अटीवर. सेंट ब्रिजेट चर्चने त्यांना महिनोन्‌महिने पोसलं. जुलैमध्ये त्यांच्या बाजूने निघालेल्या मोर्चात शिकागो आणि मिनेसोटाहून आलेले ज्यू धर्मगुरू होते, कारखाना त्यांच्याच धर्माच्या नावाने चालत असूनही. उलट बाजूच्या घोषणा देणारेही त्या दिवशी तिथे होते, ते लपवायचं कारण नाही. नोव्हेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. मधल्या काळात पट्टा चालवायला माणसं थेट पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांवरून आणली होती. स्थानिक माणसाला मिळेल म्हणून सांगितलेली नोकरी त्याच्या वाट्याला आलीच नाही.

आणि हे भावनेपुरतं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी आयोवातल्या बावन्न हजारांहून जास्त जन्मांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोस्टव्हिलच्या धाडीनंतर, आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत, लॅटिना मातांची बाळं कमी वजनाची जन्मण्याचा धोका २४ टक्क्यांनी वाढला होता. गोऱ्या मातांच्या बाळांत तशी वाढ दिसली नाही. ही वाढ फक्त स्थलांतरित मातांपुरती नव्हती. अमेरिकेत जन्मलेल्या, पूर्णपणे नागरिक असलेल्या लॅटिना मातांमध्येही ती होती, आणि पोस्टव्हिलपासून दूरच्या गावांतही. त्या बाळांनी कुठली सीमा ओलांडली होती?

राज्याला आपल्या सीमा ठरवण्याचा अधिकार आहे, हे मी मानतो. कागदपत्रांशिवाय काम करणारा कायदा मोडतो, हेही मानतो. म्हणूनच माझी मागणी कायद्याबाहेरची नाही. आधी मालकाच्या वह्या तपासा, मजुरी, वेग, अपघात, बालमजुरी यांची चौकशी आधी करा. जिथे कामगारांची तक्रार चालू आहे तिथे धाड नको, आणि तक्रारदाराला साक्ष संपेपर्यंत संरक्षण हवं. हे अशक्य नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने कामाच्या ठिकाणच्या मोठ्या धाडी थांबवल्या होत्या आणि जानेवारी २०२३ मध्ये शोषणाची साक्ष देणाऱ्या कामगारांसाठी तात्पुरत्या संरक्षणाची पद्धत सोपी केली होती. २०२५ मध्ये धाडी पुन्हा सुरू झाल्या.

अमेरिकेत आज मतदार असलेले मराठी लोक हजारोंनी आहेत. त्यांची मंडळं आहेत, दर दोन वर्षांनी भरणारी अधिवेशनं आहेत, त्या व्यासपीठांवर लोकप्रतिनिधींना अगत्याने बोलावलं जातं. पुढच्या वेळी तुमचे काँग्रेस सदस्य तिथे हार घालून घ्यायला येतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा: तुमच्या मतदारसंघात शेवटची धाड पडली तेव्हा किती मजूर पकडले गेले आणि किती मालकांवर खटला उभा राहिला? दोन्ही आकडे मागा, आणि ते मिळेपर्यंत विचारत राहा.